हृदयपेशीतील कॅल्शियमचे नियमन आणि मायक्रोआरएनए

हृद्रोगाचा रुग्ण आमच्याकडे येतो तेव्हा त्याच्या पिशवीत आधीपासून चालू असलेल्या गोळ्या असतातच. अर्जुनाचा क्षीरपाक सुरू केला, थोडे बरे वाटू लागले, की तो हमखास विचारतो, "डॉक्टर, आता ती नाडी कमी करणारी गोळी सोडली तर चालेल का?" या प्रश्नाचे उत्तर जबाबदारीने द्यावयाचे तर हृदयपेशीच्या अंतरंगात काय घडते, हे जाणून घेणे अगत्याचे ठरते. त्यासाठीच हा लेखनप्रपंच.

तंतुकणिका आणि कॅल्शियम

हृदयपेशीचा सुमारे एक तृतीयांश भाग तंतुकणिकांनी, म्हणजेच मायटोकॉन्ड्रियांनी व्यापलेला असतो. हृदयास लागणारी बहुतांश ऊर्जा येथेच एटीपीच्या रूपाने निर्माण होते. प्रत्येक ठोक्यास पेशीतील साठ्यातून कॅल्शियम बाहेर पडते व पेशी आकुंचन पावते. ते साठ्यात परतले की पेशी शिथिल होते. या कॅल्शियमचा काही अंश तंतुकणिकेत शिरतो व तेथील ऊर्जानिर्मिती करणाऱ्या विकरांना चालना देतो. ठोक्यांची गती वाढली की ऊर्जेचा पुरवठाही वाढतो, तो या योजनेमुळेच.

परंतु हा प्रवेश मर्यादेबाहेर गेल्यास तंतुकणिकेच्या आवरणात छिद्र उघडते, ऊर्जानिर्मिती कोलमडते आणि पेशी मरते. अवरुद्ध रक्तपुरवठा पूर्ववत होताना होणाऱ्या हानीचे हे एक प्रमुख कारण होय. अग्नी मंद असो वा तीक्ष्ण, दोन्ही विकारकारकच, हे आपण जाणतोच. येथेही न्याय तोच. अर्थात हे केवळ आकलनासाठी दिलेले साम्य आहे. दोन्ही गोष्टी एकच आहेत, असा आमचा दावा नाही.

ज्या द्वारातून कॅल्शियम आत शिरते ते एमसीयू नावाचे प्रथिन 2011 साली पादुआ व बोस्टन येथील दोन गटांनी स्वतंत्रपणे ओळखले. प्रौढ उंदरांच्या हृदयातून हे द्वार काढून टाकले असता विश्रांतीच्या अवस्थेत फारसे बिघडले नाही. मात्र अचानक ताण येताच हृदयाला आपली शक्ती पुरेशी वाढविता आली नाही.

मायक्रोआरएनएचे कार्य

या द्वारांची संख्या कोण ठरवितो? त्यातील एक नियामक म्हणजे मायक्रोआरएनए. सुमारे 22 घटकांचे हे चिमुकले रेणू स्वतः प्रथिन बनवीत नाहीत. ते संदेशवाहक आरएनएस चिकटून त्यापासून होणारी प्रथिननिर्मिती रोखतात. यातील पहिला रेणू 1993 साली एका सूक्ष्म कृमीत आढळला. या शोधासाठी व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रुव्हकुन यांना 2024 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हृदयपेशीत विपुल असणारा मायक्रोआरएनए-1 हा एमसीयूच्या निर्मितीवर अंकुश ठेवतो, असे 2017 साली पादुआच्या संशोधकांनी दाखविले. हृदयाची स्थूलता वाढताना हा रेणू घटतो व एमसीयू वाढते. मानवी हृदयाच्या नमुन्यांतही असेच आढळले. आमच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, या बदलाचा संबंध बीटा-ॲड्रेनर्जिक उत्तेजनेशी दिसून आला. रुग्णाची ती 'नाडी कमी करणारी गोळी', म्हणजे बीटा-ब्लॉकर, नेमकी याच उत्तेजनेस आवर घालते. म्हणजे तिचे कार्य केवळ नाडीपुरते पाहणे अपुरे आहे.

सावधगिरीचा मुद्दा

एकच मायक्रोआरएनए अनेक प्रथिनांवर परिणाम करतो, त्यामुळे सोपे निष्कर्ष धोक्याचे ठरतात. मायक्रोआरएनए-25 चेच उदाहरण घ्या. तो एमसीयूची निर्मिती रोखतो, तसेच कॅल्शियम साठ्यात परत नेणाऱ्या प्रथिनाचीही. त्याला अडविल्याने उंदरांचे हृदय बिघडते, असे 2013 साली एका गटाने मांडले. तर 2014 साली दुसऱ्या गटाने त्याला अडविल्याने हृदयाचे कार्य सुधारते, असे दाखविले. अशा स्थितीत "अमुक कल्प मायक्रोआरएनएवर कार्य करतो" असे पत्रकावर छापणे शास्त्रास शोभणारे नाही. आपल्या औषधांचे यश रुग्णाच्या नोंदींतून सिद्ध व्हावे, उसन्या शब्दांतून नव्हे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बीटा-ब्लॉकर अचानक बंद केल्यास हृच्छूल उसळू शकतो, हृदयाची लय बिघडू शकते, प्रसंगी हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. म्हणून आम्ही रुग्णास स्पष्ट सांगतो, "ती गोळी मनाने सोडू नका. ज्यांनी सुरू केली, त्यांच्याशी बोलूनच मात्रा बदलावयाची." चालू औषधांची नोंद प्रत्येक भेटीत केसपेपरवर करावी, नाडी व रक्तदाब पाहावा आणि आवश्यक तेथे त्या डॉक्टरांना दोन ओळींची चिठ्ठी लिहावी. त्यात वैद्याचा कमीपणा नाही. हृदय हे मर्म आहे, आणि मर्माच्या ठायी घाई नको, एवढे तरी आपण सर्वांनी पाळावे.