रक्ताचा ताळेबंद

मानवी शरीराविषयीचे थक्क करणारे आकडे हल्ली रोज सकाळी भ्रमणध्वनीवर येऊन पडतात. पाठविणारा ते पडताळून पाहत नाही आणि वाचणाराही पाहत नाही. ज्याचे उभे आयुष्य बँकेच्या खातेवह्यांत गेले, त्याला मात्र बेरजेचा ताळा घेतल्याशिवाय चैन पडत नाही. हृदय दिवसाला एक लाख वेळा धडधडते, असे म्हणतात. मिनिटाला ७२ ठोके धरले तर चोवीस तासांत १,०३,६८० होतात. हा आकडा जुळला. परंतु रक्तवाहिन्या एकापुढे एक जोडल्यास त्यांची लांबी एक लाख किलोमीटर भरते, हे सर्वत्र छापले जाणारे विधान तपासणीत टिकत नाही. ते डेन्मार्कचे नोबेल विजेते ऑगस्ट क्रोग यांनी १९२२ च्या सुमारास केलेल्या अंदाजावरून आले आहे. त्यांनी हिशेबासाठी ज्या मनुष्याची कल्पना केली, त्याच्या अंगात केवळ स्नायूच ५० किलोंचे होते! असा मल्ल आपल्या आळीत तरी आढळणार नाही. अलीकडील अभ्यासकांनी पुन्हा मोजदाद केली, ती ९ ते १९ हजार किलोमीटरांच्या घरात येते. मूळ गृहीतक चुकले की पुढच्या पानापानांवर चुकीचीच बाकी ओढली जाते, त्यातला हा प्रकार.

जे आकडे जुळतात, ते मात्र कल्पनेहून मोठे आहेत. प्रौढ पुरुषाच्या देहात सुमारे ५ लिटर रक्त असते. एका घनमिलिमीटर रक्तात, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्या थेंबात, ५० लाख तांबड्या पेशी असतात. पाच लिटर म्हणजे ५० लाख घनमिलिमीटर. गुणाकार वाचकांनीच करावा. उत्तर येते २५ लाख कोटी. एवढी रक्कम आम्ही केवळ केंद्रीय अर्थसंकल्पात वाचत आलो. यातील प्रत्येक पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. तेव्हा ही पुंजी कायम राखायची, तर अस्थिमज्जेला दर सेकंदाला २४ लाख नव्या पेशी घडवाव्या लागतात. हे वाक्य वाचून होईपर्यंत एक कोटीहून अधिक पेशी आपल्या देहात नव्याने जमा झाल्या आणि तितक्याच नावे पडल्या.

या उलाढालीतील सर्वांत विस्मयकारक खाते लोहाचे आहे. साऱ्या देहात मिळून लोह असते अवघे ३ ते ४ ग्रॅम, म्हणजे एखाद्या बेताच्या खिळ्याएवढे. त्यातील जवळजवळ दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये गुंतलेले असते. नव्या पेशींसाठी रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागते, परंतु अन्नातून रोज शोषले जाते जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम. उरलेले कोठून येते? प्लीहा आणि यकृत जुन्या पेशी मोडतात, त्यातील लोह वेचून काढतात आणि पुन्हा अस्थिमज्जेकडे पाठवितात. जुन्या दागिन्याचे सोने आटवून नवा दागिना घडवावा, तसे. आणि विशेष म्हणजे जास्तीचे लोह बाहेर टाकण्याची कोणतीही नियमित वाट देहाला ठेवलेली नाही. इतका काटकसरी कारभार मी कोणत्याही शाखेत पाहिला नाही.

मात्र स्त्रियांच्या खात्यावर दर महिन्याला खर्च पडतो, गरोदरपणात तर मोठी उचल होते, आणि घरोघरी सर्वांच्या शेवटी जेवणारीही तीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रातही प्रमाण निम्म्याहून अधिकच आहे. शाकाहारातील लोह तुलनेने कमी शोषले जाते, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. त्यावरचा उपाय महाग नाही. लिंबू किंवा आवळा सोबत असला की शोषण वाढते, आणि जेवणाला लागून चहा घेतला की घटते. आपल्यापैकी अनेक घरांत चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य असतात. त्या महिन्यांत मूग, मटकी, हरभरा, तीळ यांवर भर द्यावा आणि लिंबाची फोड ताटातून वगळू नये. थकवा तरीही हटत नसेल, तर रक्ततपासणी करून वैद्यांच्या सल्ल्याने गोळ्या घ्याव्यात. ‘वयोमानाने होते’ असे म्हणून सुनेचा वा सासूबाईंचा फिकट चेहरा दृष्टीआड करू नये.

रक्तालाही बँक असते. ‘ब्लड बँक’ हा शब्द शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयातील डॉ. बर्नार्ड फॅन्टस यांनी १९३७ मध्ये रूढ केला, आणि उपमा त्यांनी आमच्याच व्यवसायातून घेतली. तथापि या बँकेत मुदत ठेव नाही. तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, बिंबाणू, ज्यांना आपण प्लेटलेट्स म्हणतो, केवळ ५ दिवस. म्हणून ठेवीदार सतत यावे लागतात. पुरुषास तीन महिन्यांनी व स्त्रीस चार महिन्यांनी पुन्हा रक्तदान करता येते. वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ असावे लागते.

बँकेत जसा खाते क्रमांक, तसा येथे रक्तगट. ए, बी, एबी आणि ओ. कार्ल लँडस्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ए, बी आणि ओ हे गट दाखवून दिले. एबी थोड्याच काळात उजेडात आला. १९३० चे नोबेल लँडस्टायनर यांना याच कार्यासाठी मिळाले. मूळ शोधानंतर सुमारे पन्नास वर्षे हा तक्ता पूर्ण समजला जात होता. त्यातील उणीव सापडली ती आपल्या मुंबईत, परळच्या के. ई. एम. रुग्णालयाशी संलग्न असलेल्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयाच्या परिसरात.

डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांना असे रक्त आढळले, जे नेहमीच्या चाचणीत ओ गटाचे दिसे. परंतु ओ गटाच्या कोणत्याही रक्ताशी ते जुळेना. ओ गटाच्या पेशी त्यात मिसळताच गुठळ्या होत. लंडनच्या रेस, सँगर, मॉर्गन व वॉटकिन्स या संशोधकांच्या सहकार्याने त्यांनी याचा छडा लावला आणि १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. जगभरातील वैद्यकीय ग्रंथांत या गटाचे नाव ‘बॉम्बे’ असेच आहे. शहराचे नाव बदलले, रक्ताचे बदलले नाही.

यातील मर्म समजण्यास कठीण नाही. तांबड्या पेशीवर ‘एच’ नावाचा एक शर्करायुक्त पाया असतो. त्यावर ए किंवा बी यांची वीट चढते. काहीच चढले नाही, तर तो ओ गट. म्हणजे ओ गटाच्या माणसाकडेही पाया असतोच. बॉम्बे गटाच्या व्यक्तीकडे तो पायाच नसतो. त्यामुळे तिचे शरीर ए आणि बीला परके मानते, आणि एचलाही. सर्वांना चालणारे म्हणून प्रसिद्ध असलेले ओ रक्त तिला दिले, तर ते अंगातच फुटू लागते आणि जीव धोक्यात येतो. तिला केवळ बॉम्बे गटाचेच रक्त चालते.

भारतात असे लोक ढोबळमानाने दहा हजारांत एक. युरोपात दहा लाखांत एखादा. विक्रोळीहून सकाळी परळकडे जाणाऱ्या बारा डब्यांच्या लोकलमध्ये साडेचार-पाच हजार माणसे कोंबलेली असतात. अशा दोन गाड्यांमागे एक जण, असा हिशेब पडतो. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. त्यात असे सुमारे १,२४० लोक निघतील. त्यांतील किती जणांच्या कार्डावर आज निव्वळ ‘ओ’ लिहिलेले असेल?

या गटामुळे घरांत आणखी एक अनर्थ घडू शकतो. पिता ओ गटाचा, मातेच्या कार्डावरही ओ, आणि मूल ए गटाचे निघाले, तर शाळेत शिकविलेल्या तक्त्यानुसार हे अशक्य. संशयाचे बोट लगेच मातेकडे वळते. वस्तुस्थिती अशी असू शकते की, माता बॉम्बे गटाची आहे. तिच्या जनुकांत ए आहे, परंतु पाया नसल्याने तो पेशीवर उमटलाच नाही. मुलाला एचचे जनुक पित्याकडून मिळाले आणि ए प्रकट झाला. कार्डावरील एका अक्षराच्या भरवशावर कोणाच्या शीलाचा निवाडा करू नये, यासाठी एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

निदानाची रीत फार अवघड नाही. पेशींची तपासणी करताना रक्तद्रवाचीही उलट तपासणी करायची आणि तीत ओ पेशींची एक नळी ठेवायची. तिच्यात गुठळ्या दिसल्या की शंका घ्यायची आणि ‘अँटी-एच’ने खात्री करायची. हे द्रव्य युरोपातील एका काटेरी झुडपाच्या बियांपासून काढतात. त्या झुडपाचे शास्त्रीय नाव युलेक्स युरोपियस. कोठल्या माळरानावरचे बी परळच्या रुग्णाचे प्राण राखते!

हा गुण मातापिता दोघांकडूनही आला, तरच प्रकट होतो. म्हणून एका व्यक्तीत तो आढळला की तिच्या प्रत्येक सख्ख्या भावंडात तो असण्याची शक्यता चारांत एक असते. लांबच्या दात्याचा शोध सुरू करण्यापूर्वी भावंडांना बोलवावे, हे उत्तम. जवळच्या नात्यात विवाह होणाऱ्या कुळांत ही शक्यता वाढते. के. ई. एम.च्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षारुधिरविज्ञान संस्था अशा दुर्मिळ गटांची खातरजमा करते आणि दुर्मिळ दात्यांची नोंदही ठेवते. आपल्या परिसरातील पुढच्या रक्तदान शिबिरात ओ गटाच्या वाचकांनी ‘उलट तपासणी होते ना?’ एवढे अवश्य विचारावे. शस्त्रक्रियेची तारीख ठरली असेल, तर हा प्रश्न आधीच विचारलेला बरा. ऐनवेळी पिशवी जुळत नाही असे कळल्यावर हाताशी फारसा वेळ उरत नाही.