लाजेने साखर उतरत नाही

मधुमेहाच्या दवाखान्यात एक प्रकार नेहमीचा आहे. तपासणीची तारीख जवळ आली की रुग्ण चार दिवस भात सोडतो, चहा बिनसाखरेचा घेतो, सकाळ-संध्याकाळ फिरायला जातो. उपाशीपोटीची साखर ११८ येते आणि त्याच कागदावर खाली एचबीए१सी ९.२! लाल रक्तपेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात त्यांच्यातील हिमोग्लोबिनला साखर चिकटत जाते. त्यामुळे हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगतो, चार दिवसांच्या पथ्याला तो बधत नाही. (जेवणानंतरची साखर चढत असेल तरी असा फरक पडतो, हे डॉक्टरांनाही कधी कधी आठवत नाही.) मग प्रश्न येतो, ‘फसवता कोणाला?’ खरे तर रुग्ण कोणाला फसवत नसतो, बोलणी चुकवत असतो. आणि इथेच उपचाराचे गाडे अडते.

बहुतेक आजारांत उपचार डॉक्टर करतात. मधुमेहात वर्षातले चार-सहा दिवस सोडले तर सगळा कारभार रुग्णाच्या हातात असतो, आणि डॉक्टरांचा निर्णय त्याने दिलेल्या माहितीवर चालतो. ग्लुकोमीटरवर २४० आले की तो आकडा वहीत चढत नाही. आठवड्यात तीनदा गोळी राहिली हे सांगितले जात नाही. डॉक्टरांना वाटते औषध कमी पडते आहे, ते डोस वाढवतात; पुढे कधी रुग्णाने नेमाने सगळ्या गोळ्या घेतल्या, तर साखर ७० च्या खाली जाऊन घाम फुटतो, हात थरथरतात. कचेरीत कोणाला आजार माहीत नसेल तर हाच माणूस प्यायलेला वाटतो. इन्सुलिन घेणारे कित्येकजण सुई स्वच्छतागृहात टोचून घेतात, नाहीतर दुपारचा डोस सोडून देतात. टाइप १ मधुमेह असलेल्या मुलीच्या घरी तर स्थळे येऊ लागली की इन्सुलिनची पेनेही कपाटात जातात. ही केवळ मनाची व्यथा म्हणून बाजूला ठेवता येत नाही. प्रत्येक ठिकाणी लाजेने औषधाचे माप बिघडवलेले आहे.

हे थोड्या हळव्या लोकांपुरते असेल, असे म्हणता येत नाही. २०२४ मध्ये या विषयावर आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचे एकमताचे निवेदन प्रसिद्ध झाले. त्यानुसार मधुमेह असलेल्या दर पाच प्रौढांपैकी चौघांना आजारावरून हिणवले गेल्याचा अनुभव येतो, तर एकाला नोकरी, शिक्षण किंवा उपचारांत प्रत्यक्ष भेदभाव सोसावा लागतो. या आजाराच्या रोजच्या ओझ्याने येणारा मानसिक शीण मोजण्यासाठी १९९५ पासून ‘पेड’ नावाची प्रश्नावली वापरात आहे. हा शीण आणि नैराश्य एकच नव्हेत. लॉरेन्स फिशर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले की एचबीए१सीशी नाते नैराश्यापेक्षा या शिणाचे आहे. काळानुसार एक हलला की दुसराही हलतो. इथे आक्षेप रास्त आहे: साखर वाढली म्हणून शीण आला असेल, शिणामुळे साखर वाढली कशावरून? दिशा या अभ्यासाने सिद्ध होत नाही. पण दोन्ही बाजूंनी वाट खुली आहे. ताणात स्रवणारी कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रिनॅलिन ही संप्रेरके यकृताला रक्तात साखर सोडायला लावतात, आणि वाढलेला आकडा पाहून ताण आणखी वाढतो. हा फेरा कुठूनही तोडला तरी फायदाच.

शिवाय दोष द्यायचाच तर तो निदान खरा तरी असावा. टाइप १ मध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. तिथे जिलेबीचा काही संबंध नाही. टाइप २ चे काय? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या मुलांचा मागोवा घेतला. तिथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची, पण आपल्या बाळांत कमी भरले ते स्नायू आणि अवयव, चरबी मात्र जवळपास तेवढीच. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र छापून आले. दोघांचा बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. म्हणजे मधुमेहाकडे झुकवणाऱ्या, आईच्या पोटातच घडलेल्या या ठेवणीचा जाब आपण पन्नाशीतल्या माणसाच्या ताटाकडे बोट दाखवून विचारतो. ब्रिटनच्या यूकेपीडीएस अभ्यासात नऊ वर्षांनी एकाच औषधावर साखर आटोक्यात राहिलेले जेमतेम पाव रुग्ण उरले होते. इन्सुलिन सुरू होणे ही बहुधा आजाराची स्वाभाविक वाटचाल असते, तरी घराघरांत तिला शिक्षा समजतात.

मग आहार-व्यायामाला अर्थच नाही का? आहे, आणि मोठा आहे. चेन्नईतील डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ च्या अभ्यासात जीवनशैलीतील बदलाने मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. पण हा बदल बोलणी खाऊन आलेला नव्हता. सल्ला, आठवण आणि वर्षानुवर्षांचा पाठपुरावा यांतून आला. ब्रिटनच्या ‘डायरेक्ट’ चाचणीत वजन उतरवून ४६ टक्के रुग्ण वर्षभरात औषधाविना मधुमेहाच्या पातळीखाली आले, दुसऱ्या वर्षाअखेर ३६ टक्के उरले. यशच म्हणायचे. मात्र आपल्याकडे ‘मधुमेहमुक्ती’च्या सभांतून शंभरातल्या उरलेल्या ६४ जणांबद्दल कोणी बोलत नाही आणि ते बिचारे आपणच कमी पडलो असे समजून घरी बसतात. माणसावर जबाबदारी टाकणे वेगळे आणि त्याला आरोपी करणे वेगळे. जबाबदारी घेतलेला माणूस आकडा दाखवायला येतो, आरोपी तो लपवतो.

‘पेड’ प्रश्नावलीचे पाच प्रश्नांचे छोटे रूप आहे. नंबर येईपर्यंत बाकावर बसल्या बसल्या ते भरून होते. दर तीन महिन्यांनी एचबीए१सी लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी निदान वर्षातून एकदा तेही रुग्णाच्या हाती द्यावे, आणि ‘पथ्य मोडलं ना?’ याऐवजी ‘या आठवड्यात किती गोळ्या राहिल्या?’ असे साधे विचारावे. घरच्यांनी पंगतीत चार लोकांसमोर ‘तुला चालतं का हे?’ म्हणणे थांबवावे. वहीत २४० लिहिलेले दिसले, तर काय खाल्ले याची चौकशी मागाहून करा. आधी गोळ्या संपल्या आहेत का ते विचारा, आणि संपल्या असतील तर आणून द्या.