शपथ घ्या, पण कशाची ते आधी ठरवा

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत आपण हात पुढे करून म्हणतो, "आम्ही गावात शांतता ठेवू." टाळ्या होतात, चहा होतो आणि दुसऱ्या दिवशी धुऱ्यावर पुन्हा तोंडातोंडी! शपथ खोटी नसते. पण शांतता म्हणजे नेमके काय, हे कोणी ठरवलेलेच नसते.

मागे एका गावात ऐन वाफशाला ट्रॅक्टर अडला. वहिवाटीची वाट पुढच्या वावरवाल्याने नांगरून टाकलेली. दोघे चुलतभाऊच. आठ दिवस कोणी माघार घेईना, तेवढ्यात पाऊस लागून बसला. मागच्या वावरातली सोयाबीनची पेरणी पंधरा जुलैच्या पुढे गेली. बियाणे, बीजप्रक्रिया सारे मी सांगून आलो होतो. पण वाटच नाही, तर सल्ला वावरात पोचणार कसा?

राज्यात 15 ऑगस्ट 2007 रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेने समिती नेमायची, गावातले तंटे नोंदवहीत घ्यायचे आणि दिवाणी, महसुली व तडजोड होऊ शकणारी फौजदारी प्रकरणे सामोपचाराने मिटवायची, अशी ही रीत. मोहिमेचे खरे बळ त्या नोंदवहीत होते. गावाने आपली भांडणे नाव घेऊन कागदावर मांडली. पुढे बऱ्याच गावांत समितीच कागदावर राहिली, ती गोष्ट वेगळी.

मोघम समझोत्याचे काय होते, हे शिरपूरकरांना सांगायला नको. अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिरात पूजेच्या वेळा वाटून घेण्याचा समझोता दोन्ही पंथांत 1905 सालीच झाला होता. वेळ ठरली, पण मूर्तीच्या स्वरूपाचा प्रश्न उरला आणि काही वर्षांतच प्रकरण कोर्टात गेले. ते 1929 मध्ये थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचले. 1981 पासून मंदिराला कुलूप होते, ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2023 मध्ये उघडले. चूक कोणाची, हा आपला विषय नाही. जे बोलायचे राहते, तेच पुढे पेटते, एवढे आपण घ्यावे.

म्हणून येत्या ग्रामसभेत शपथ घ्याल, तेव्हा ती अशी असू द्या :

* वहिवाटीची वाट कोणी नांगरणार नाही. पेरणी आणि काढणीच्या वेळी कोणी अडवणार नाही.
* धुऱ्याचा वाद असेल तर आधी भूमी अभिलेखकडून मोजणी, मग बोलणी. तोवर धुरा कोणी कोरणार नाही.
* जनावर पिकात शिरले तर नुकसान चार जणांसमोर पाहून भरपाई ठरेल. हातात काठी घ्यायची नाही.
* पोलीस ठाण्यात जाण्याआधी वाद समितीपुढे येईल. मारहाण किंवा बाईमाणसावरचा अत्याचार मात्र दाबला जाणार नाही.

शेवटचे कलम विसरू नका. दुबळ्याला गप्प बसवणे म्हणजे शांतता नव्हे.

सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांनी हा मजकूर ठरावात घेऊन फळ्यावर लावावा. दर ग्रामसभेत तो वाचावा. किती वाद मिटले, किती राहिले हेही सांगावे. वाट अडलीच तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. एकमेकांचे वावर बारा वर्षांहून जास्त काळ एकमेकांच्या ताब्यात असेल, तर 2023 च्या सलोखा योजनेत मुद्रांक शुल्क हजार रुपये आणि नोंदणी फी हजार रुपये एवढ्यात अदलाबदल करण्याची सोय झाली. मुदतीची चौकशी तलाठ्याकडे करा.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपण पिढ्यान् पिढ्या म्हणतो. पण ती चढावी लागू नये म्हणून गावाची पायरी आधी बांधावी लागते. मृगाच्या आधी एवढे काम उरकून घ्या. धुऱ्यावरची एक सरी सोडली तर फार तर दोन पायल्या कमी होतील. भांडणात मात्र अख्खा हंगाम जातो.