पार्सलचा तोटा कुणाच्या माथी?

स्पीड पोस्टचे दर १ ऑक्टोबर २०२५ पासून वाढले. याआधीची वाढ ऑक्टोबर २०१२ मधली, म्हणजे मध्ये तेरा वर्षं गेली आणि नवे दर नेमके दिवाळीच्या तोंडावर लागू झाले. वाढ रास्त की गैर, यावर पुरेसं बोलून झालं आहे. नागपूरच्या इतवारीसारख्या बाजाराला मात्र निराळाच प्रश्न पडला आहे. किराणा ओळीतले मसाले, भांडे ओळीतली पितळी भांडी, गांधीबागेतलं कापड आता फोनवरूनही विकलं जातं. विकणाऱ्यांत घरातून धंदा करणाऱ्या बायका आहेत तसे पिढीजात दुकानदारही आहेत. गिऱ्हाइकाला मालाची किंमत आणि अंदाजे पोस्टेज सांगून पैसे घेतले जातात. मग पार्सल खिडकीवरच्या काट्यावर चढतं आणि आकडा फुगतो. वरचे पैसे कुणी भरायचे? माझं मत स्पष्ट आहे: ज्याने अंदाज केला त्याने, म्हणजे विक्रेत्याने. हा भुर्दंड बहुतेक वेळा टाळता येतो, म्हणून तर तो गिऱ्हाइकावर ढकलण्याचा हक्क विक्रेत्याला उरत नाही.

आधी दरांचं पाहू, कारण नागपूरला या वाढीची झळ वेगळी बसते. साडेतीनशे ग्रॅमचा लिफाफा जुन्या दराने २०० ते १००० किलोमीटरच्या टप्प्यात ६० रुपयांत जायचा. आता ५०१ ते १००० किलोमीटरला ८२ रुपये पडतात. वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास ९७. याच वजनाला १००० ते २००० किलोमीटरच्या टप्प्यात ८० चे ८६ झाले आणि २००० च्या पुढे ९० चे ९३. थोडक्यात, लांबच्या टपालाला वाढ नावापुरती आणि मधल्या अंतराला सणसणीत. नागपूरहून मुंबई, पुणे, नाशिक हे सगळं मधल्याच अंतरात येतं. देशाच्या मध्यावर असल्याचा जो फायदा इथल्या विक्रेत्याला डाकखर्चात मिळत होता, तो बराचसा आटला. त्यातही जाहीर झालेला हा तक्ता दस्तऐवजांचा आहे. मालाच्या पार्सलचा दर वेगळा काढावा लागतो. बातमीतला आकडा बघून मसाल्याच्या डब्याचं पोस्टेज सांगणारा विक्रेता तिथेच फसतो. ओटीपी दाखवून डिलिव्हरी हवी असेल तर पाच रुपये आणि त्यावर जीएसटी, हेही हिशेबात धरायला हवं.

तरीही विक्रेता दरापेक्षा वजनातच जास्त चुकतो. नव्या तक्त्यात नागपूरहून मुंबईला आणि चेन्नईला साडेतीनशे ग्रॅम पाठवण्यात फरक चार रुपयांचा आहे, पण वजन अडीचशे ग्रॅमच्या रेषेवरून जरा पुढे सरकलं की चौदा रुपये वाढतात. कुरिअरमध्ये बहुधा दर अर्ध्या किलोला नवा टप्पा लागतो. अर्धा किलो हळदपूड विकणारा पाचशे ग्रॅमचा दर सांगतो. पाऊच, खोका, टेप मिळून वजन पाचशे साठ भरतं आणि बिल एक किलोचं येतं. वायगावच्या हळदीचा दर्जा कितीही उत्तम असो, त्या साठ ग्रॅमनी नफा खाल्लेला असतो.

याहून मोठी फसगत आकारमानाची. बहुतेक कुरिअर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजतात, तिन्हींचा गुणाकार करून त्याला ५००० ने भागतात आणि येणारे किलो प्रत्यक्ष वजनाशी ताडून पाहतात. जे जास्त भरेल त्याचे पैसे लागतात. भिवापूरच्या अख्ख्या सुक्या मिरच्या घ्या. पाऊण किलो मिरच्या ३० बाय २० बाय १५ सेंटिमीटरच्या खोक्यात भरल्या, तर खोक्यासह काट्यावर किलोच्या आतच राहतात. पण गुणाकार ९००० येतो, भागाकार १.८, आणि आकारणी दोन किलोची होते. याच मिरच्यांचं तिखट करून १८ बाय १२ बाय १० च्या डब्यात पाठवलं तर आकारमानाचं वजन अर्ध्या किलोच्याही खाली राहतं आणि खऱ्या वजनाचेच पैसे पडतात. माल तोच, वजन तेच, पोस्टेज निम्मं. नियमाला अन्याय म्हणता येणार नाही, कारण गाडीत जागा अडते ती खोक्याने. पण हा हिशेब ऑर्डर घेण्याआधी करायला हवा. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांवर विकणाऱ्यांना तर हा फरक उशिरा कळतो. कुरिअर पार्सल पुन्हा मोजतं आणि वजनातल्या तफावतीची रक्कम नंतर विक्रेत्याच्या खात्यातून वळती होते. तोवर त्याच चुकीच्या अंदाजावर आणखी ऑर्डरी गेलेल्या असतात.

आता मूळ प्रश्न. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्याचं कलम २२ सांगतं की एकाच पक्षाची वस्तुस्थितीबाबत चूक झाली, एवढ्यानेच करार रद्द करता येत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार नियमित धंदा करणाऱ्या विक्रेत्याने डिलिव्हरी, पोस्टेज, हाताळणी आणि कर धरून एकूण किंमत आधीच दाखवायची असते. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या क्लृप्त्यांची जी यादी जाहीर केली, तिच्यात आधी कमी किंमत दाखवून मागाहून आकार चढवणं हा प्रकारही आहे. कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहारही हेच सांगतो. ठोक बाजारात भाडं कुणाकडे, हे सौदा होतानाच ठरतं. माल निघाल्यावर कुणी भाड्याची बोली बदलत नाही. फोनवरच्या गिऱ्हाइकाला तरी वेगळा न्याय का?

यावर पहिला आक्षेप येतो तो तुटपुंज्या नफ्याचा. दोनशे रुपयांच्या मालावर तीस रुपये सुटत असतील आणि तेवढेच पोस्टेजमध्ये गेले, तर विकून काय उपयोग? ही अडचण खरी आहे. पण त्यावर मार्ग आहे. पार्सल निघण्याआधी फरक लक्षात आला तर गिऱ्हाइकाला आकडा सरळ सांगावा आणि पूर्ण पैसे परत घेण्याची मुभा द्यावी, किंवा चार दिवस उशीर चालत असेल तर स्वस्त सेवेने पाठवू का, असं विचारावं. पार्सल गेल्यानंतर मात्र काही मागू नये. पॅकिंग हलकं करून फरक भरून काढणं तर सगळ्यांत महागात पडतं. पोचा पडलेला पितळी लोटा परत आला की जाण्यायेण्याचा खर्च अंगावर पडतो आणि गिऱ्हाईक तुटतं ते वेगळंच.

दुसरा आक्षेप असा की पोस्टेज किमतीतच मिसळून 'डिलिव्हरी मोफत' लिहिलं की कटकट मिटते. एका डब्यापुरती मिटते, पण दोन डबे मागवणाऱ्याकडून पोस्टेज दोनदा वसूल होतं आणि ते त्याला कळल्यावाचून राहत नाही. नागपूरहून पाठवताना अंतरामुळे पडणारा फरक लहान असल्याने देशभर एकच, पण वजनाप्रमाणे बदलणारा दर लावणं इथे न्याय्यही ठरेल आणि सोपंही.

दोष सगळा विक्रेत्याचा नाही, हेही मान्य करायला हवं. टपालाचे दर आणि सवलती अचानक बदलल्या की अंदाज चुकतातच. पुस्तकं पाठवणाऱ्यांना याचा चटका आधीच बसला. डिसेंबर २०२४ मध्ये रजिस्टर्ड बुक पोस्टची सवलत बंद झाली आणि त्या दरावर बेतलेले प्रकाशकांचे हिशेब कोलमडले. मे २०२५ मध्ये 'ज्ञान पोस्ट' आलं, तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये ते पाच किलोला १०० रुपये, कर वेगळा. पण त्यात नियतकालिकं आणि जाहिराती असलेली प्रकाशनं बसत नाहीत, म्हणून दिवाळी अंक विकणाऱ्यांनी तो दर गृहीत धरू नये. टपाल खात्याने अशा बदलांची पुरेशी आगाऊ सूचना द्यावी आणि मालाच्या पार्सलचा साधा मराठी दरतक्ता प्रत्येक खिडकीवर लावावा, ही मागणी इतवारीतल्या व्यापाऱ्यांनी जोर लावून करायला हवी.

तोवर विक्रेत्याच्या हातात एवढं नक्की आहे: माल विकायला ठेवण्याआधी तो पूर्ण बांधून काट्यावर ठेवा, खोक्याच्या तिन्ही बाजू टेपने मोजा, त्या दिवसाचा दर कर धरून पाहा आणि मगच पोस्टेज सांगा. एवढं करूनही कमी पडलं, तर फरक स्वतः सोसा आणि पुढच्या ऑर्डरीला दर बदला.