तीस सेंटची बरणी

बँकेत असताना लॉकरधारक वारला की वारसांसमोर, दोन साक्षीदार बसवून लॉकर उघडायचा आणि आतल्या वस्तूंची यादी करायची, हे काम बरेचदा माझ्याकडे येई. पाटल्या, बिलवर, मोहनमाळ, ठेवींच्या पावत्या. एकदा एका लॉकरमधून निघाला फक्त कुठल्याशा स्पर्धेचा पितळी बिल्ला. मुलाने विचारलं, "एवढंच?" मी यादीत लिहिलं, 'बिल्ला एक, किंमत नाही.' सही केली आणि विसरून गेलो.

तो बिल्ला परत आठवला तो थेट अमेरिकेत. मुलगी मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बरला असते. 28 सप्टेंबर 2024 ला जावयाने तिथल्या विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्याला नेलं. मी कोल्हापूरचा. फुटबॉल म्हटलं की मला शाहू स्टेडियम आणि पाटाकडील, दिलबहार तालमींची ईर्षा आठवणार. पण तिकडचा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू बगलेत मारून पळायचं! पायाचा संबंध अधूनमधून. गंमत अशी की 1869 मध्ये रटगर्स आणि प्रिन्स्टन या कॉलेजांत पहिला सामना झाला, तेव्हा चेंडू हातात घेऊन पळायला बंदीच होती.

स्टेडियम पाहून मात्र छाती दडपली. आसनं 1,07,601. शेवटच्या त्या एकाचं काय? तर ते फ्रिट्झ क्रिस्लर या जुन्या प्रशिक्षकाच्या नावाने वाढवलेलं आसन. ते नेमकं कुठलं, कुणालाच ठाऊक नाही. 1927 मध्ये हे स्टेडियम उभं राहिलं ते पाचशे-पाचशे डॉलरचे रोखे विकून. व्याज तीन टक्के, वर तिकिटांत अग्रहक्क. फील्डिंग योस्ट नावाच्या माजी प्रशिक्षकाची ही कल्पना. आमच्या शाखेत असता तर ठेवींचं उद्दिष्ट एप्रिलमध्येच पुरं केलं असतं!

त्या दिवशी मिनेसोटाशी गाठ होती. शेवटच्या टप्प्यात मिनेसोटाने 24-3 अशा पिछाडीवरून घाम फोडला, पण मिशिगन 27-24 ने जिंकलं. मिळालं काय? एक बरणी! आपल्या लोणच्याच्या बरणीचीच जातकुळी, तोंड तेवढं बारीक.

तिची कथा अशी. 1903 च्या 31 ऑक्टोबरला योस्टचा संघ मिनेसोटाच्या गावी खेळायला गेला. तिथलं पाणी कसं असेल कोण जाणे, म्हणून त्याने पाच गॅलनची बरणी आणवली, तीस सेंटला. सामना 6-6 असा बरोबरीत सुटला, प्रेक्षक मैदानात घुसले आणि त्या गोंधळात बरणी मागे राहिली. मिनेसोटाच्या ऑस्कर मन्सन नावाच्या सफाई पाहणाऱ्या नोकराने ती उचलून साहेबांकडे नेली. मग तिच्यावर धावफलक रंगवला, आपले सहा मोठे आणि मिशिगनचे सहा बारके! मिशिगनने बरणी मागितली तर उत्तर आलं, "हवी तर जिंकून न्या," अशी आख्यायिका आहे. 1909 मध्ये त्यांनी ती खरंच जिंकून नेली. तेव्हापासून ती 'लिटल ब्राऊन जग' या नावाने जिंकेल त्याच्या घरी नांदते. गुणही तिच्याच अंगावर रंगवतात.

मुलीच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात, वय ऐंशीच्या घरात. घरी गेलो तर तळघरात नेलं. झेंडे, कार्यक्रमपत्रिका आणि बुटांच्या खोक्यात सालवार लावलेली तिकिटांची अर्धुकं. त्यांनी एक हातावर ठेवलं. 22 नोव्हेंबर 1969. आदल्या वर्षीच्या विजेत्या ओहायो स्टेटला मिशिगनने 24-12 असं हरवलं, तो दिवस. म्हणाले, "वडील शेजारी बसले होते. जन्मात एकदाच त्यांनी मला मिठी मारली, ती त्या दिवशी." मग सहज विचारलं, "तुमच्या घरी काय काय आहे असलं?"

मला उत्तर देता येईना.

माझा थोरला भाऊ, दादा, कॉलेजच्या संघाचा गोलरक्षक होता. 2019 मध्ये वाडा सोडून फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा माळ्यावरून त्याची ट्रंक निघाली. विटलेली जर्सी, खिळ्यांचे बूट, वाळवीने कडा खाल्लेला संघाचा फोटो. मी विचारलं, "दादा, यातलं काय ठेवायचं?" तो खिडकीकडे बघत म्हणाला, "तू बघ." मी बघितलं ते अधिकाऱ्याच्या नजरेनं. ट्रंकेसकट भंगारवाल्याला दिलं, एकशेचाळीस रुपयांना. दादा काही बोलला नाही. शेवटच्या दुखण्यात एकदाच विचारलं, "त्या फोटोत कडेला बादली घेऊन उभा होता तो कोण रे?" मी म्हणालो, "बघून सांगतो." फोटो आता नाही, हे सांगायचं धाडस झालं नाही. 2021 मध्ये तो गेला.

परतल्यावर मी दादाच्या जुन्या सोबत्यांचे पत्ते काढले. तिसऱ्या घरी तोच फोटो भिंतीवर होता. दादा मधोमध, मांडीवर चेंडू. कडेला बादली घेतलेला माणूस म्हणजे कॉलेजचा शिपाई, दर सामन्याला पोरांना पाणी द्यायला स्वतःच्या सायकलवरून यायचा. नाव कळलं. पण ज्याला सांगायचं तो राहिला नाही.

फोटोची प्रत आता माझ्या टेबलावर आहे. तुमच्याही माळ्यावर एखादी ट्रंक असेल. ती उतरवाल तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा, एकेक वस्तू त्यांच्या हातात द्या आणि ते बोलेपर्यंत थांबा. भंगारवाला काय, पुढच्या रविवारीही येतोच.