ऑनलाइन शिवीगाळ : दोष माणसाचा की माध्यमाचा?

एरवी सभ्य वाटणारी माणसे ऑनलाइन वादात शिवीगाळीवर का उतरतात, या प्रश्नावर संशोधकांचे एकमत नाही. निनावीपणा, गट, स्वभाव आणि माध्यमाची रचना यांपैकी कोणावर किती दोष टाकायचा, हा वादाचा मुद्दा आहे.

सर्वांत परिचित स्पष्टीकरण अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये मांडले. ओळख झाकलेली असते, चेहरा दिसत नाही, उत्तर लगेच ऐकावे लागत नाही आणि दटावणारेही कोणी समोर नसते. त्यामुळे मनाचा संकोच गळून पडतो. या मोकळेपणात कोणी आपले दुःख सांगतो, तर कोणी द्वेष ओकतो. इस्राएलमधील लापिडोट-लेफ्लर आणि बराक यांच्या २०१२ मधील प्रयोगात मात्र नाव लपवण्यापेक्षा नजरेला नजर न मिळणे अधिक प्रभावी ठरले.

पोस्टमेस आणि स्पिअर्स या संशोधकांची भूमिका वेगळी आहे. निनावी माणूस बेबंद होतो, हेच त्यांना मान्य नाही. त्यांच्या मते नाव झाकले की व्यक्ती मागे पडते, गटाची ओळख पुढे येते आणि माणूस गटाची रीत अधिक कसोशीने पाळतो. गट सभ्य असेल तर तोही सभ्य राहतो. १९९८ मध्ये त्यांनी ६० अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा बेबंदपणाच्या जुन्या सिद्धान्ताला फारसा आधार मिळाला नाही.

तिसरा मतभेद स्वभावाचा. कॅनडातील बकल्स आणि सहकाऱ्यांना २०१४ मध्ये ट्रोलिंगची आवड आणि दुसऱ्याला छळण्यात वाटणारा आनंद यांचा घट्ट संबंध आढळला. याउलट २०१७ मध्ये स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलच्या संशोधकांनी प्रयोगातून दाखवले की, मनःस्थिती बिघडलेली असेल आणि आधीच्या प्रतिक्रिया वाईट असतील, तर सामान्य माणूसही ट्रोल होतो. अनुकूल स्थितीत ३५ टक्के लोकांनी तशी प्रतिक्रिया लिहिली. प्रतिकूल स्थितीत हे प्रमाण ६८ टक्क्यांवर गेले.

डेन्मार्कमधील संशोधक बोर आणि पीटरसन यांनी २०२२ मध्ये आणखी वेगळा निष्कर्ष काढला. राजकीय वादात ऑनलाइन आक्रमक असणारे लोक समोरासमोरही तसेच वागतात. इंटरनेटवर त्यांचे वागणे अधिक लोकांना दिसते, एवढेच. माध्यमाला मात्र एवढ्यावर सोडता येत नाही. संतापाच्या पोस्टना लाइक आणि शेअर मिळाले की लोक पुढे अधिक संताप व्यक्त करतात, असे येल विद्यापीठातील संशोधकांना २०२१ मध्ये ट्विटरवर आढळले.

मतभेदाचे एक कारण पद्धतीत आहे. कोणी प्रश्नावलीतून स्वभाव मोजतो, कोणी प्रयोगशाळेत परिस्थिती घडवतो, कोणी लाखो पोस्ट तपासतो. छळाचा आनंद, राजकीय राग आणि नैतिक संताप या गोष्टीही एक नव्हेत. त्यामुळे एका अभ्यासाने दुसरा सरसकट खोटा ठरत नाही.

उपाय मात्र निदानावर ठरतो, म्हणून हा वाद महत्त्वाचा आहे. निनावीपणाच रोगाचे मूळ मानून दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर ओळख पडताळणी सक्तीची केली. तेथील घटनात्मक न्यायालयाने २०१२ मध्ये तो कायदा रद्द केला. जर्मनीतील एका याचिका-संकेतस्थळावरच्या प्रतिक्रियांच्या अभ्यासात तर खऱ्या नावाने लिहिणारेच अधिक आक्रमक आढळले. केवळ नावाची सक्ती हा पुरेसा उपाय नाही. गटाचे नियम, वेळीच होणारी देखरेख आणि संतापाला बक्षीस देणारी रचना यांकडेही तितक्याच गांभीर्याने पाहायला हवे.