जनेल काढण्यापूर्वी

मे महिन्यात मुंबई-पुण्याची मंडळी गावच्या घरी जमली, की घराच्या दुरुस्तीचा विषय हमखास निघतो. कौले शाकारायची, वासे तपासायचे, भिंतींना रंग द्यायचा. आणि अलीकडे या यादीत खिडक्यांचा क्रमांक बराच वर असतो. लाकूड कुजले आहे, बिजागऱ्या गंजल्या आहेत, पावसाची झड आत येते, एवढी कारणे पुरेशी होतात. कोणीतरी येऊन मापे घेतो आणि थोड्याच दिवसांत अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या भिंतीत बसतात. जुनी जनेले गोठ्यात पडून राहतात किंवा जुन्या वस्तूंचा व्यापारी पडेल त्या भावाने उचलून नेतो. या घाईविषयी दोन शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

खिडकी बदलूच नये, असे आमचे म्हणणे नाही. वाळवीने पोखरलेली चौकट कोणाच्याही श्रद्धेवर उभी राहत नाही. परंतु काय काढतो आहोत आणि त्या जागी काय बसवतो आहोत, याचा विचार पैसे देण्यापूर्वी व्हावयास हवा. गोव्याच्या किनाऱ्यावर वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत. चिऱ्याच्या भिंती पाणी शोषतात. अशा घराला वारा मिळाला नाही, तर भिंतींवर बुरशी धरते. सरकत्या खिडकीची दोन दारे एकमेकांवर येतात, म्हणजे भिंतीला पाडलेल्या भोकाचा अर्धाच भाग वाऱ्याला मोकळा राहतो. बिजागरीवर उघडणारी खिडकी तो सगळा मोकळा करते. लाकडी पट्ट्यांची झडप तर पाऊस बाहेर ठेवून वारा आत घेते. सरकती खिडकी घ्यायचीच असेल, तर खालच्या खोबणीतून पाणी बाहेर जाण्यास भोके आहेत ना, ते पाहावे. साध्या लोखंडाचे स्क्रू खाऱ्या हवेत टिकत नाहीत, हेही ध्यानात धरावे.

याहून गंभीर प्रश्न शिंपल्यांच्या तावदानांचा आहे. काच दुर्मिळ आणि महाग होती, त्या काळी आपल्या सुतारांनी खाडीच्या चिखलात मिळणारे चपटे, पातळ शिंपले चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांच्या जाळीत सरकवले. त्यांतून येणारा उजेड दुधाळ असतो. दुपारचे ऊन डोळ्यांवर येत नाही आणि बाहेरून आतले दिसत नाही. जुन्या चर्चमध्ये ही तावदाने आहेत, तशीच राजांगणाभोवती उभ्या असलेल्या हिंदू घरांतही आहेत. ती अमुक एका समाजाची खूण नव्हे, या किनाऱ्याची आहे. फिलिपाइन्समध्येही याच शिंपल्याच्या खिडक्या आढळतात. तेथे त्याला कापीझ म्हणतात.

हा शिंपला जुवारीच्या मुखाजवळ नावशीच्या परिसरात आढळतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे छत्र त्याला २००१ मध्ये मिळाले. ते योग्यच झाले. पण त्याचा अर्थ असा, की घरातले जनेल मोडले तर त्यासाठी नवे शिंपले खाडीतून काढता येणार नाहीत. काच पुन्हा विकत मिळेल. हे तावदान मिळणार नाही.

म्हणून आमची सूचना अशी, की आधी जाणत्या मेस्ताला बोलवावे आणि मगच मापे घेऊ द्यावीत. पुष्कळदा कुजलेली असते ती केवळ खालची आडवी पट्टी, कारण पाणी तेथेच साचते. तेवढीच बदलली की बाकीचे सागवान आणखी अनेक वर्षे सेवा देते. दोन मोडक्या जनेलांतले शाबूत शिंपले एकत्र करून एक जनेल पुरे होते. शिंपल्यांनी खोली काळोखी होते, धूळ साचते, बाहेरचे दिसत नाही, या तक्रारी खऱ्या आहेत. त्यावर खालच्या अर्ध्यात काच आणि वरच्या अर्ध्यात शिंपले, अशी तडजोड करता येते. डासांसाठी आतून जाळीचे वेगळे दार बसते.

सर्व भार घरमालकावर टाकणे मात्र न्यायाचे नाही. भावाभावांत वाटून गेलेल्या घराची दुरुस्ती एकट्याला पेलत नाही, आणि हे काम जाणणारे मेस्त दिवसेंदिवस विरळ होत आहेत. सरकारच्या पुरातत्त्व खात्याने पाडल्या जाणाऱ्या घरांतील शिंपल्यांची तावदाने कायद्याच्या चौकटीत ताब्यात घेऊन दुरुस्तीसाठी गरजूंना द्यावीत, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून सुतारकाम शिकणाऱ्या मुलांना ही जाळी बांधण्याचे शिक्षण मिळावे. दोन्हींना फार मोठा खर्च नाही. तोवर ज्यांच्या घरी अशी जनेले आहेत, त्यांनी ती निदान या उन्हाळ्यात तरी व्यापाऱ्याच्या गाडीत चढवू नयेत.